कॉर्नरो वेण्या दुसऱ्याच दिवशी ढिल्या पडतात? लांब सरळ केसांवर मला काय उपयोगी पडलं ते सगळं

तीन नवरात्री माझा हा एकच प्रॉब्लेम चालू होता. पहिल्या दिवशी दुपारी चार तास बसून कॉर्नरो वेण्या, म्हणजे टाळूला चिकटून ओळींनी घातलेल्या वेण्या, घालून घ्यायच्या, आरशात बघितलं की एकदम रेखीव, भांग सरळ, वेण्या डोक्याला चिकटून बसलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघावं तर कपाळाजवळ वेणी बोटभर वर आलेली, मानेवर फुगवटा, कानामागच्या बटा सुटून खांद्यावर. तिसऱ्या दिवशी सगळं उसवून परत आपली नेहमीची एक वेणी. यंदा मात्र नवव्या रात्रीपर्यंत टिकल्या, मधे एकदा फक्त पुढच्या दोन वेण्या परत घातल्या बस, म्हणून लिहितेय, कारण माझ्या मावसबहिणीपासून समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभीच्या मुलीपर्यंत सगळ्यांची तक्रार हीच आहे आणि सगळ्या तोच चुकीचा उपाय करतायत जो मी तीन वर्षं केला.

आधी माझे केस कसे आहेत ते सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी जुळवून बघता येईल. कमरेच्या खालपर्यंत, सरळ, मऊ, लहानपणापासून आजीच्या हातचं खोबरेल तेल प्यायलेले. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, घरात सगळे अजूनही मराठीच बोलतात आणि केसांच्या बाबतीत आजीचे नियम चालतात, म्हणजे आठवड्यातून दोनदा तेल, शिकेकाई, रात्री झोपताना वेणी. आई कौतुकाने म्हणते रेशमासारखे आहेत. तर प्रॉब्लेम त्या रेशमातच आहे, पण ते मला फार उशिरा कळलं.

कॉर्नरोज कशाला हव्यात असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी, बडोद्याचा गरबा म्हणजे रात्री तीन-चार तास गोलात सतत फिरणं, नऊ दिवस, आणि तेव्हा पावसाळा नुकताच सरत असतो त्यामुळे हवेत दमटपणा असतोच. मोकळे केस मानेला चिकटतात, चनियाचोळीच्या आभल्यांच्या कडेत अडकून तुटतात, आणि माझ्या लांबीचा अंबाडा घातला तर तो दुसऱ्या गरब्यातच मानेवर लोंबायला लागतो. टाळूला हवा लागेल आणि केस जागचे हलणार नाहीत अशी दुसरी रचना मला तरी माहीत नाही.

आता चुकीचा उपाय कुठला ते सांगते. वेण्या ढिल्या पडतात म्हणजे आपण कमी घट्ट घातल्या असं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी अजून ओढायच्या. मी पहिल्या वर्षी घरी बहिणीकडून घालून घेतल्या, ढिल्या पडल्या. दुसऱ्या वर्षी एका पार्लरमध्ये गेले, तिथे सांगितलं की बेन जरा कसून घाला, आणि तिने इतक्या कसल्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या, रात्री उशीवर डोकं टेकवता येईना, दोन्ही कानशिलांवर केसांच्या मुळाशी बारीक पांढऱ्या पुळ्या आल्या. आणि एवढं सोसून तिसऱ्या दिवशी त्याही ढिल्या. कानशिलावरचे केस तुटले ते वेगळंच, तिथे बोटभर लांबीची केसांची झालर झाली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, हिशोब करा, ती झालर कानापर्यंत यायला मला जवळपास वर्ष लागलं. म्हणून पहिली गोष्ट हीच की ओढून वेणी टिकत नाही. ओढल्याने फक्त मूळ दुखावतं, आणि केस निसरडे असतील तर ताण आला की ते अजूनच सरकतात.

हे मला ज्या मुलीने समजावून सांगितलं ती नायजेरियाची, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, फतेगंजला आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे पेइंग गेस्ट राहायची. तिने माझे केस हातात घेतले, एक बट दोन बोटांत धरून खालपर्यंत सोडली, आणि म्हणाली हे तर पाण्यासारखे आहेत, यांना धरायला काहीच नाही. तिचे स्वतःचे केस कुरळे, एकमेकांत गुंतून बसणारे, त्यामुळे पेड एकमेकांना आपणच धरून ठेवतात. आपला सरळ केस आडवा कापून बघितला तर साधारण गोल असतो, तिचा लांबट चपटा, आणि तो वळत जातो. कॉर्नरोची सगळी पद्धत त्या केसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडत आलीय, मग आपल्या केसांवर ती तशीच्या तशी बसत नाही यात नवल नाही. तिच्याकडे योरुबा लोकांत या वेण्यांच्या प्रत्येक रचनेला वेगळं नाव असतं, सगळ्या वेण्या टाळूवर मध्यभागी टोपलीसारख्या गोळा होतात तिला शुकू म्हणतात. लहानपणी आईच्या गुडघ्यांत डोकं धरून बसायचं आणि रडायचं नाही, हे तिचं वर्णन ऐकून माझ्या आजीला फार हसू आलं, कारण आमच्याकडेही न्हाण्यानंतर हेच.

कॉर्नरो हे नाव अमेरिकेतलं, मक्याच्या ओळी. कॅरिबियन बेटांवर याच वेण्यांना केनरोज म्हणतात म्हणजे उसाच्या ओळी, आणि आपल्या शेतातल्या सऱ्या बघितल्या असतील तर भांग आणि वेण्यांची ती आखणी लगेच डोळ्यासमोर येते. ही आफ्रिकेतून आलेली कला आहे आणि गुलामगिरीच्या काळातून तगून राहिलेली आहे. या केसरचनांवरून लोकांना नोकरीत आणि शाळेत इतका त्रास दिला जायचा की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याविरुद्ध क्राउन ॲक्ट नावाचा कायदा करावा लागला. आपण हौसेने घालतो तेव्हा निदान ती कुणाची आहे हे माहीत असावं आणि कुणी विचारलं तर नीट सांगावं, ‘गरबा ब्रेड’ असलं काहीतरी नाव देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बरं आता मुद्द्यावर. वेणी नक्की कुठून ढिली पडतेय ते आधी बघा, कारण जागा बदलली की कारण बदलतं. मी सगळ्याला एकच औषध लावत होते, कसणं, म्हणून कळत नव्हतं. बघायचं असं की दोन बोटांत वेणी धरून हलकेच बाजूला हलवायची. वेणीबरोबर टाळूची कातडी हलली तर वेणी घट्टच आहे, वर दिसतंय ते फक्त पिंजारलेलं आहे, ते सोडून द्या, सरळ केसांत दुसऱ्या दिवसापासून थोडं पिंजारतंच. पण वेणी टाळूवरून उचलली जाऊन खाली बोट सरकतंय तर ती खरंच ढिली आहे.

कपाळाजवळून उचलली जातेय म्हणजे सुरुवातच जाड झालीय. आपण सागरवेणीच्या सवयीने पुढून एक चांगली जाडजूड बट घेतो आणि तिचे तीन पेड करतो, आणि कपाळावरचे केस तर सगळ्यात बारीक, आखूड, त्यांना तेवढं वजन पेलत नाही. सुरुवात अगदी चिमूटभर केसांनी करायची, उदबत्तीच्या काडीएवढे पेड, पहिले दोन वेढे त्यात काहीच मिळवायचं नाही, तिसऱ्या वेढ्यापासून थोडे थोडे केस घ्यायचे. कपाळाच्या अगदी कडेची जी बारीक लव असते ती वेणीत घ्यायचीच नाही, बाहेर राहू द्या. तिला ओढून आत घेतली की दिसायला दोन तास छान दिसतं आणि मग तीच आधी तुटते.

मधल्या भागातून उचलली जात असेल तर हात वर उचलला गेलाय. हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण घालताना वेणी घट्टच दिसते. सागरवेणीत पेड मधल्या पेडाच्या वरून जातो. कॉर्नरोत तो खालून जातो, बाजूचा पेड मधल्याच्या खालून घ्यायचा, मग दुसऱ्या बाजूचा खालून, म्हणून वेणी वर उठून दिसते आणि मुळं खाली दाबून धरली जातात. तर प्रत्येक वेढ्याला बोटांची मागची बाजू टाळूला टेकलेली पाहिजे, करंगळी तर सतत टेकलेलीच. हात एक इंच जरी वर गेला तरी त्या इंचाचा ढिलेपणा वेणीत शिरतो आणि झोपून उठलं की तो बाहेर येतो. त्या मुलीने माझ्या बहिणीच्या हातावर हात ठेवून हे दाखवलं, तिचा हात दर दोन वेढ्यांनी वर जायचा आणि ती दाबून खाली आणायची, असं अर्धा तास. दुसरं म्हणजे नवीन केस वेणीच्या अगदी खालून, त्या जागेवरच्या मुळातून घ्यायचे. बाजूच्या भांगाच्या काठावरून ओढून आणले तर तो केस तिरका ताणला जातो, तिथे दुखतं आणि भांगही वाकडा होतो.

मानेवर फुगा येतोय? डोकं खाली घालून बसलात. मागच्या भागाला पोचल्यावर घालणारी म्हणते मान खाली घाल, आपण हनुवटी छातीला टेकवतो, तिला सोयीचं होतं. पण मान वाकवली की मानेवरची कातडी ताणली जाते, त्या ताणलेल्या मापाने वेणी घातली जाते, आणि उठून सरळ उभं राहिलं की कातडी परत आपल्या मापावर येते आणि वेणी तेवढी जास्तीची उरते. आम्ही यंदा मागची शेवटची चार बोटं घालताना मी सरळ बसले आणि बहीण खाली पाटावर बसली. तिची पाठ दुखली, पण फुगा आला नाही.

आणि लांब केसवाल्यांचा खास त्रास, जो आखूड केसांवर शिकवणाऱ्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. वर आपण एक वेणी घालत असतो तेव्हा खाली लोंबणाऱ्या केसांत उलटी वेणी आपोआप विणली जाते. पेड वर एकदा फिरला की खालीही फिरतोच ना. सात-आठ वेढ्यांनंतर खाली असा गुंता होतो की तो ओढून सोडवताना वर घातलेलं सगळं ढिलं होतं, आणि आपल्याला वाटतं वर चूक झाली. दर चार वेढ्यांनी थांबायचं, वर डाव्या हाताच्या चिमटीत वेणी पक्की धरायची, आणि उजव्या हाताने एकेक पेड मुळापासून टोकापर्यंत बोटांनी मोकळा करत खाली सोडायचा. कंगवा नाही, बोटंच. मी समोर आरसा धरून बहिणीला सांगत होते, थांब, चार झाले. बाकीचे केस, ज्यांची पाळी यायची आहे ते, वेगवेगळे अंबाडे करून चापाने बांधून ठेवा, नाहीतर शेजारच्या भांगातले दोन-चार केस हमखास घुसतात आणि मग ते उपसताना रडू येतं.

एवढं सगळं हाताचं झालं, पण खरं सांगायचं तर हात सुधारायच्या आधी आमच्याकडे केसांची तयारीच चुकत होती. आजीचा आग्रह की वेण्या घालायच्या आधी तेल लावून घे म्हणजे केस तुटणार नाहीत, गुंता होणार नाही. बाकीच्या दिवसांसाठी बरोबर आहे तिचं. पण तेलाने केसावर केस सरकतो, आणि आपल्याला तर इथे केसाने केसाला धरून ठेवायला हवंय. कंडिशनरचं पण तेच, त्यात बहुतेक वेळा सिलिकोन असतं, ते केसावर गुळगुळीत थर देतं. आदल्या दिवशी साध्या शाम्पूने दोनदा केस धुवायचे, कंडिशनर फक्त शेवटच्या वीतभर टोकांना, आणि पूर्ण वाळवायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण, कमरेपर्यंतचे केस वरून वाळलेले वाटले तरी मानेजवळ आतून ओले असतात. धुतल्यानंतर एक रात्र जाऊ दिली तर उत्तम, ताजे धुतलेले केस विजेने उडतात.

ओल्या केसांवर वेण्या घालायची चूक मी दुसऱ्या वर्षी केली कारण ओले केस हातात छान बसतात, भांग पण सरळ पडतो. ओला केस ताणला की लांबतो, वाळला की आकसतो, म्हणून संध्याकाळी ठीक वाटलेल्या वेण्या रात्री डोक्यात घण घातल्यासारख्या दुखायला लागल्या. शिवाय आतली ओल वाळायला खूप वेळ घेते आणि कोंड्याचा त्रास असेल तर चौथ्या दिवशी खाज आणि वास. तेव्हा ओले नकोच.

मग पकड कुठून आणायची? अळशीचं जेल. घरचं, खर्च वीस-तीस रुपये. पाव कप कच्ची अळशी, दोन कप पाणी, मंद गॅसवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. आधी काहीच होत नाही, नुसत्या बिया पाण्यात तरंगतात, मग वर पांढरट फेस येतो, आणि एका क्षणी चमचा उचलला की त्याच्या टोकाला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते आणि तुटत नाही, तेव्हा गॅस बंद. गरम असतानाच जुन्या ओढणीच्या पातळ कापडातून गाळायचं, थंड झालं की बिया त्याला सोडतच नाहीत, मी एकदा अख्खं पातेलं तसंच टाकून दिलंय. घरात मुखवासाची अळशी असते ती घेऊ नका, ती भाजलेली आणि मीठ लावलेली असते. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. लावायचं अगदी थोडं, भांगाच्या दोन्ही कडांना आणि पेड घेताना बोटांच्या टोकांना, थपथपीत नाही, नाहीतर वाळल्यावर पांढरे पापुद्रे सुटतात आणि लोक विचारतात कोंडा झालाय का.

वेण्यांची संख्याही बघा. मी आधी सोशल मीडियावरचे फोटो बघून बारा-चौदा मागायचे. माझ्या लांबीला प्रत्येक वेणीची शेपटी टोकापर्यंत विणायची म्हणजे संध्याकाळ संपते, घालणारीचे हात थकतात आणि शेवटच्या चार वेण्या नेहमी ढिल्या. चार केल्या तर प्रत्येक इतकी जाड होते की टाळूवर बसत नाही. आठ मला बरोबर पडल्या. तुमचे केस दाट असतील तर दहा. टेल कॉम्बने भांग पाडताना पहिला मधला पाडायचा, मग प्रत्येक बाजूचे निम्मे, मग निम्म्याचे निम्मे, एका कानापासून सुरू करून दुसऱ्या कानाकडे गेलं की शेवटची ओळ नेहमी बारीक उरते. कंगवा, कापडाचे छोटे रबर सगळं मंगळबाजारात मिळतं, बारीक उघडे रबर मात्र घेऊ नका, काढताना केस घेऊनच निघतात. मी टोकांना काळी लोकर गुंडाळली. आजी म्हणाली आमच्या वेळी आगवळ होतं, तेच की हे. आणि केसांना लेअर कट असेल तर वेणीतून टोकं बाहेर येणारच, त्याला उपाय नाही, थोडं जेल लावून दाबून ठेवा.

गंगावन घालू का असं दोघीतिघींनी विचारलं. लांब केसांना लांबीसाठी नकोच, वजन वाढतं आणि ते वजन मुळांनीच पेलायचं असतं.

वजनावरून आठवलं, आठ शेपट्या मोकळ्या सोडून गरबा खेळलं की प्रत्येक फिरकीला त्या बाहेर फेकल्या जातात आणि मूळ ओढतात. दुसऱ्या रात्री हे लक्षात आलं. तेव्हापासून मानेवर सगळ्या शेपट्या एकत्र घेऊन त्यांचीच एक सैल वेणी. वर टाळूवर अंबाडा बांधायचा मोह होतो, छान दिसतो, पण मग सगळं वजन कपाळावरच्या केसांना लोंबतं. ओढणीची पिन पण वेणीत नाही खोचायची, दोन वेण्यांच्या मधे चाप लावून त्याला.

झोपताना काय करताय त्यावर निम्मं टिकणं असतं. सुती अभ्र्यावर रात्रभर घासलं की केस पिंजारतातच. मी आईच्या एका फाटक्या रेशमी साडीचा हातभर तुकडा काढून डोक्याला बांधते, गाठ कपाळावर घट्ट नाही, मागे मानेवर. पहिल्या दोन रात्री झोपेत सुटायचा, म्हणून उशीलाही तसलाच अभ्रा घातला. सॅटिनचा स्कार्फ चालेल, गुळगुळीत काहीही चालेल.

घाम आणि ग्राउंडची धूळ, हा पाचव्या-सहाव्या दिवसाचा प्रश्न. खाजवायचं नाही, वेणी तिथूनच उचलली जाते, बोटाच्या पेराने हलकं थापटा. मी सहाव्या दिवशी सकाळी धुतले. स्प्रेच्या बाटलीत पाण्यात चमचाभर शाम्पू, फक्त भांगांवर फवारायचा, बोटांनी दाबायचं, चोळायचं नाही, मग डोकं मागे करून मगाने वरून खाली सावकाश पाणी. नंतर सुती पंचाने टिपायचं आणि पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत बसायचं, मला दोन तास लागले, शेपट्या सोडून. त्याच दिवशी पुढच्या दोन वेण्या सोडून परत घातल्या. बाकीच्यांना हात लावला नाही.

दुखण्याबद्दल मात्र नीट वाचा. घातल्यावर पहिला तास जरा ओढल्यासारखं वाटलं तर ठीक, पण भुवया वर केल्यावर दुखतंय, मुळाशी कातडी तंबूसारखी उचललेली दिसतेय, लाल किंवा पांढऱ्या पुळ्या आल्यात, डोकं ठणकतंय, यातलं काहीही असेल तर गरबा असो की लग्न, ती वेणी त्याच रात्री सोडा. एक-दोन दिवसांनी सैल होतील असं पार्लरमध्ये सांगतात, मलाही सांगितलं होतं. सतत ओढल्याने केस जाण्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, आणि हे काही फक्त वेण्यांचंच नाही, १९०७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते ग्रीनलँडमधल्या घट्ट पोनीटेल बांधणाऱ्या बायकांचं. सुरुवातीला थांबवलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि मग तिथे केस येत नाहीत. आपल्याकडे रोज घट्ट पोनी बांधून शाळेत जाणाऱ्या मुलींची कानशिलं बघा एकदा. माझी झालर आली तेव्हा मी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सहा महिने केस मागे बांधायलाच मना केलं. वेण्या दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका आणि काढल्यावर निदान तेवढाच काळ डोकं मोकळं ठेवा.

काढताना घाबरायला होतं ते पण सांगून ठेवते. रोज पन्नास ते शंभर केस आपसूक गळतातच, एरवी ते कंगव्यात जातात म्हणून कळत नाही, वेण्यांत ते आतच अडकून राहतात. दहा दिवसांचे पाचशे ते हजार केस एकदम हातात येतात, मुठीएवढा गोळा, आई तर रडायचीच राहिली होती. ते आधीच गळलेले असतात. टोकाकडून वर सोडत यायचं, मुळाशी जिथे धूळ आणि घामाचा राखाडी मळ साठलेला असतो तिथे आता तेल लावा, आजीचं खोबरेल, भरपूर, आणि बोटांनी सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा, मग धुवा. आधी पाणी घातलंत तर तो मळ आणि सुटे केस मिळून नमद्यासारखे जमून बसतात, मग कात्रीच. मला सगळं मिळून दीड तास लागला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गॅलरीत बसून, आजीच्या पुढ्यात, आणि तेल तिनेच लावलं.

बहिणीच्या वेण्या आता मी घालायला शिकतेय. माझा हात अजून वर उचलला जातो, विशेषतः कानामागे जिथे डोकं वळतं तिथे. तिच्या केसांना लेअर्स आहेत, आणि कानामागच्या त्या वळणावर वेणी टाळू सोडते ती सोडतेच, भांग तिरका पाडून बघितला, छोटे पेड घेऊन बघितले. कुणी त्या वळणावर बोटं कशी धरता ते सांगाल तर मला फार उपयोग होईल.